सात फुटांवरून

"तुम्ही निवांत बसा. चालायचं काम माझं."

स्टुलावर कोणीही बसलेलं असो, हनुवटीमास्तर त्याला हेच सांगायचे. माणूस कॅमेऱ्यासमोर बसला की उगाच चुळबुळ करायला लागतो. पुढे होऊ का, मागे सरकू का, जरा वळू का, असं विचारत स्टूल करकरवतो. मास्तर हात वर करून त्याला थांबवायचे, हे वाक्य म्हणायचे, आणि मग खरंच स्वतः पाऊल पुढे-मागे करून त्या माणसाला पकडायचे. शेवटी एकदा "जरा हनुवटी खाली" म्हणायचे आणि बटण दाबायचे. त्या हनुवटीवरूनच त्यांना हे नाव पडलं. खरं नाव पाटीवर होतं, पण पाटीचा रंग उडाला तसं तेही उडालं. पोस्टमनसुद्धा पाकीट दाखवून मला विचारायचा, "हे हनुवटीवाले ना?"

माझं फ्रेमचं दुकान त्यांच्या स्टुडिओला लागून. मधली भिंत म्हणजे प्लायवूडची एक फळी. एकतीस वर्षं मी तिकडचं सगळं ऐकत आलो आणि ते इकडचं. त्यांचा कान इतका तिखट होता, की माझ्या हातून खिळा वाकडा गेला तर नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं. फळीपलीकडून लगेच हाळी यायची, "फ्रेमवाले, वाकला!" मी म्हणायचो, "तुमच्या नजरेने वाकला." ते म्हणायचे, "माझ्या नजरेने माणसं सरळ होतात, खिळ्यांचं मला सांगू नका."

दोन वर्षांपासून ती हाळी बंद झाली. खिळे वाकायचे काही थांबले नव्हते. उलट मास्तरांचा आवाज चढायला लागला. आधी फळीला कान लावला तर ऐकू यायचे, आता काच कापतानाही ऐकू येऊ लागले. ज्याला कमी ऐकू येतं तो आधी स्वतःच मोठ्याने बोलू लागतो. मी ओळखलं, पण बोललो नाही. ते बोलत नव्हते, म्हणून मीही नाही. त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, अर्थातच माहीत होतं. त्या दिवसातून चार वेळा वरच्या खोलीतून खाली यायच्या आणि त्यांच्या उजव्या बाजूला उभ्या राहून बोलायच्या. डावा कान पूर्ण गेला होता.

स्टुडिओ चौदा फूट लांब आणि नऊ फूट रुंद. एका टोकाला राखाडी पडदा, त्याच्यापुढे स्टूल. स्टुलाचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. बाजूला पांढऱ्या छत्रीचा दिवा. आरशाजवळ दोरीला बांधलेला कंगवा, कारण सुटा कंगवा आठवड्याच्या वर टिकायचा नाही. दुसऱ्या टोकाला दार, आणि दाराबाहेर जिना. जिन्यावरून वरच्या शिवणक्लासच्या बायका जा-ये करायच्या. स्टुलासमोरची एक फरशी मधोमध खोलगट झालेली. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

गिऱ्हाईक कमी झालं होतं. खिशातल्या फोनमध्ये कॅमेरा असताना स्टुडिओत कोण येणार? पासपोर्टच्या फोटोवर दिवस निघत होते. मास्तर चौसष्ट वर्षांचे झाले होते. दुपारी ते स्टुलावर स्वतःच बसून राहायचे, पाय लांब करून, डोळे मिटून. मी विचारायचो, "झोपलात का?" ते म्हणायचे, "नाही हो. दमून बसलोय." काय करून दमलात, असं मी कधी विचारलं नाही. काम करून माणूस दमतो, आणि कामाची वाट पाहून त्याहून जास्त दमतो.

मग इस्पितळाचं काम आलं.

दोन गल्ल्या सोडून असलेल्या इस्पितळाने नवी इमारत बांधली होती. तिच्या दर्शनी दालनात बारा परिचारिकांचे फोटो लावायचे होते, प्रत्येक फोटो दाराएवढा उंच. बसलेली बाई, हात मांडीवर, कमरेपासून वर. आधी एकच फोटो काढायचा, सगळ्यांत ज्येष्ठ असलेल्या मोठ्या सिस्टरांचा. तो सोमवारी समितीला दाखवायचा. पसंत पडला तर उरलेले अकरा मास्तरांकडे.

परगावी राहणाऱ्या लेकीचं म्हणणं होतं, "बाबा, आता बस झालं. दोघंही इकडे या." मास्तरांनी तिला शब्द दिला, "हे काम मिळालं तर पाटी राहील. नाही मिळालं तर महिनाअखेरीला मालकाला किल्ली देतो आणि येतो." वहिनी हे ऐकून नुसत्या भांडी घासत राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, "भावजी, लेकीकडे पाहुणी म्हणून जायला मला आवडतं. पण पाहुण्याला परत यायला घर लागतं."

कॅमेरा लेकीनेच पाठवला. सहा कोटी ठिपक्यांचा, म्हणजे साठ मेगापिक्सेलचा. दाराएवढा फोटो काढायचा म्हणजे असाच लागतो, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. मास्तरांनी तो हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाले, "सहा कोटी! एवढी छिद्रं माझ्या अख्ख्या अंगावर नसतील."

त्यांनी आपली जुनी लेन्स कशीबशी त्याला बसवली आणि माझा फोटो काढला. लहान पडद्यावर छान दिसला. मोठा करत नेला तशी मिशी धुरकट झाली, चष्म्यावर वाफ धरावी तशी. हा नवा कॅमेरा चौकस पाहुणीसारखा होता. कोपऱ्यातली धूळसुद्धा त्याच्या नजरेतून सुटायची नाही. जुन्या लेन्सने इतकी वर्षं जे झाकून नेलं होतं, ते त्याने एका दुपारी उघडं पाडलं. नवी लेन्स घेणं भाग होतं.

बाजारात जागच्या जागी जवळ-लांब करणाऱ्या लेन्स मिळतात, त्यांना झूम म्हणतात. मास्तरांना त्यांचा तिटकारा. "पंगतीत बसल्या जागी हात लांब करून वाढून घेतल्यासारखं वाटतं," असं म्हणायचे. त्यांना प्राइम लेन्स हवी होती. तिचं अंतर ठरलेलं असतं. माणूस मोठा हवा तर तुम्ही पुढे जा, लहान हवा तर मागे या. चालायचं काम तुमचं.

लेन्सच्या दुकानात आता जुन्या मालकाची मुलगी बसायची. तिने आठ दिवसांसाठी तीन लेन्स विश्वासावर दिल्या. पन्नासची, पंच्याऐंशीची आणि एकशे पस्तीसची. म्हणाली, "काका, ओरखडा पडला तर लेन्स तुमची, नाही पडला तर माझी." मास्तरांना अर्धंच ऐकू गेलं असावं. त्यांनी मान डोलावून सांगितलं, "हो हो, तिन्ही तुझ्याच."

आकडा लहान तितकं जवळ जावं लागतं, मोठा तितकं लांब, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजतं. कमरेपासून वरचा माणूस घ्यायचा तर पन्नासला साडेचार फुटांवर उभं राहायचं, पंच्याऐंशीला सात फुटांवर आणि एकशे पस्तीसला बारा फुटांवर.

पन्नासची आधी माझ्यावर चालवली. माझं नाक मुळात घराण्याची शान आहे. पन्नासने इतक्या जवळून ते असं काही पुढे आणलं, की चेहरा नाकाला टांगलेला दिसायला लागला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमच्यात आणि नाकात कोण कोणाला घेऊन आलंय?" पन्नास बाजूला पडली.

उरल्या दोन. आणि इथे मास्तर चुकले. ही चूक फोटोवालाच करू शकतो, दुसऱ्या कोणाला सुचणारही नाही. त्यांनी भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं आणि त्याचे फोटो काढायला सुरुवात केली. लेन्सचा कस असाच लावतात म्हणे. कोपऱ्यातली बारीक अक्षरं जिच्यात स्पष्ट येतील ती लेन्स चांगली. मास्तर एक फोटो काढायचे, चष्मा वर करून पडद्याला नाक लावायचे, वहीत काहीतरी लिहायचे, पुन्हा काढायचे. चार दिवस हेच. फळीतून मला त्यांचा स्वतःशी चाललेला मोठा आवाज ऐकू यायचा. "खोली भाड्याने देणे आहे. आलं! 'देणे'च्या मात्रासुद्धा आल्या!"

चौथ्या दिवशी वहिनी चहा घेऊन आल्या. उजव्या बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, स्टुलावर वर्तमानपत्र बसणार आहे का?"

"तुला नाही कळायचं."

"मला नाही कळत, पण सिस्टरांच्या चेहऱ्यावर 'खोली भाड्याने देणे आहे' असं लिहिलेलं नाही, एवढं कळतं."

मास्तर हसले नाहीत. ते दमले होते. डोळे लाल झाले होते. पंच्याऐंशी चांगली होती, पण एकशे पस्तीसने शाई कागदाच्या धाग्यांत कुठे पसरलीय तेही दाखवलं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लख्ख. ती इतकी जड होती, की कॅमेऱ्याला लावली की कॅमेरा नाकावर पडायचा. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय. पण मास्तरांनी ठरवलं, हीच.

"बारा फूट आणणार कुठून?" मी विचारलं. "पडदा, स्टूल, छत्री धरून तुमच्या खोलीत दहासुद्धा उरत नाहीत."

"दार उघडून जिन्यात उभा राहीन," ते म्हणाले.

मोठ्या सिस्टर गुरुवारी दुपारी आल्या. उंच, रुंद खांद्यांची बाई. कपड्यांना इस्त्री, पायांत मऊ तळव्यांचे बूट. सकाळची पाळी संपवून तशाच आल्या होत्या. स्टुलावर बसल्या आणि एक श्वास सोडला, तो फळीपलीकडे मला ऐकू आला. स्टूल माझ्या फळीपासून हातभरच अंतरावर. मी एका फ्रेमला काच बसवत होतो, हात थांबवला.

"तुम्ही निवांत बसा," मास्तर जिन्यातून ओरडले. "चालायचं काम माझं!"

पण त्यांना चालायला जागाच नव्हती. पाठीमागे पायऱ्या. एक पाय जमिनीवर, एक पहिल्या पायरीवर, हातात ते जड धूड. मधूनच शिवणक्लासच्या बायका "सरका हो मास्तर" म्हणत जात होत्या. दिव्याचा खटका वाजायचा, मग सगळं गप्प, मग पुन्हा "जरा हनुवटी खाली!" गल्लीतल्या कुणाला तरी हाक मारावी तसा आवाज.

सिस्टरांनी बोलायचा प्रयत्न केला. स्टुलावर बसून गप्प राहणं जड जातं, माणूस काहीतरी बोलतो. आधी म्हणाल्या, आज वॉर्डात गर्दी होती. मास्तर म्हणाले, "छान, छान." मग कोणाला सांगावं की नको अशा आवाजात, त्या म्हणाल्या, "माझी आई आमच्याच वॉर्डात आहे. ती मला आता ओळखत नाही. मला सिस्टर म्हणून हाक मारते."

"वा!" मास्तर जिन्यातून ओरडले. "मस्त! हे असंच राहू द्या!"

मी हातातली काच खाली ठेवली.

 मास्तरांना सिस्टरांचे ओठ हलताना दिसले होते, शब्द पोचले नव्हते. आणि एवढ्या वर्षांच्या सवयीने, बोलणाऱ्या माणसाला खुलवायला जे म्हणायचं तेच ते म्हणाले होते. त्यानंतर सिस्टर एक शब्द बोलल्या नाहीत. वीस-पंचवीस फोटो निघाले. मग बुटांचा मऊ आवाज आला. त्यांनी पडद्यावर फोटो पाहिला असावा.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "ओळखपत्राला चालेल."

त्या गेल्या. मी उठून गेलो. मास्तर फोटो मोठा करून बघत होते. फोटोत खोट काढायला जागा नव्हती. पापणीचा केस न् केस, डोळ्याच्या कोपऱ्यातली बारीक लाल शीर, कॉलरच्या शिवणीतला एक सुटलेला धागा. सगळं होतं. आणि चेहरा दुकानाचं शटर ओढून घ्यावं तसा बंद.

मास्तरांनी फोटो आणखी मोठा केला. आता पडद्यावर नुसता एक डोळा. बुबुळात पांढऱ्या छत्रीचा चौकोन चमकत होता, त्याच्या बाजूला दाराची उभी उजेडाची पट्टी, आणि त्या पट्टीत एक काळा ठिपका. त्यांनी ठिपका मोठा केला. एक पाय वर, एक पाय खाली, वाकलेला माणूस.

"हा मी," ते म्हणाले. "फ्रेमवाले, बघा. मी दाराबाहेर आहे."

माझ्याच्याने राहवलं नाही. त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन सिस्टर काय म्हणाल्या होत्या ते सांगितलं. आणि त्यांनी काय उत्तर दिलं तेही.

ते स्टुलावर बसले. हात गुडघ्यांवर ठेवले. चेहऱ्यावर लाज होती, पण तीसुद्धा दमलेली. "तुम्हाला केव्हापासून माहीत आहे? कानाचं."

"खिळा वाकल्यावर तुम्ही ओरडेनासे झालात तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का बोलला नाहीत?"

त्यांनी कॅमेऱ्याचा पडदा विझवला. मग म्हणाले, "किल्ली देऊन टाकतो. उगाच महिनाअखेरीपर्यंत कशाला थांबायचं? माणूस काय बोलतोय ते कळत नाही आणि मी त्याचा चेहरा काढतोय. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण."

वहिनी दारात उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही. त्या आत आल्या, बादलीतला फडका पिळला आणि स्टुलासमोरची फरशी पुसायला लागल्या. मास्तर वैतागले, "अगं, आत्ता कशाला?"

वहिनींनी बादलीतलं ओंजळभर पाणी फरशीवर टाकलं. सगळीकडून पाणी ओघळलं आणि एका फरशीच्या मधोमध साचून राहिलं. वीतभर डबकं.

"रोज पुसते," त्या म्हणाल्या. "रोज पाणी इथेच साचतं. एवढ्या वर्षांत तुमच्या पायांनी घासलेली जागा आहे ही. आता मला सांगा, इथून त्या स्टुलापर्यंत किती फूट?"

 मी दुकानातून टेप आणला. डबक्यापासून स्टुलापर्यंत मोजलं. सात फूट, वर एक बोट.

जुन्या लहान कॅमेऱ्यावर जुनी लेन्स लावून ते इतकी वर्षं याच जागेवर उभे राहत होते. इथून बसलेल्या माणसाचा श्वास ऐकू येतो. इथून हळू आवाजात विचारता येतं, मुलगी कितवीत आहे, गुडघा कसा आहे. नव्या कॅमेऱ्यावर याच जागेवरून तसाच माणूस पकडायचा तर पंच्याऐंशी लागते. ती लेन्स चार दिवस टेबलावर पडून होती.

"काखेत कळसा," वहिनी म्हणाल्या, "आणि हे जिन्यात वळसा घालून आले."

मास्तर पहिल्यांदा हसले. पण लगेच म्हणाले, "सात फुटांवरून तरी मला कुठे सगळं ऐकू येतं?"

"मग सांगा त्यांना."

"काय?"

"हेच. ऐकू येत नाही म्हणून." वहिनी फडका पिळत होत्या. "मला सांगायला तुम्हाला आठ महिने लागले. त्यांना एका मिनिटात सांगा, सरावाने सोपं जाईल."

फोनवर मास्तरांना ऐकू येत नव्हतं, म्हणून वहिनींनीच फोन केला. सिस्टर पलीकडून म्हणाल्या, फोटो चांगला आलाय की, तोच पाठवा. वहिनी म्हणाल्या, "चांगला आलाय, पण तुमचा नाही आलाय."  मग सिस्टर म्हणाल्या, रविवारी दुपारी येते, पण फार वेळ नाही.

रविवारी मी दुकान बंद ठेवतो. त्या दिवशी उघडलं. हातोडी मात्र हातात घेतली नाही.

सिस्टर बसल्या. आवाजावरूनच कळत होतं की त्या नाइलाजाने आल्या आहेत. मास्तर फरशीवर उभे राहिले. कॅमेरा गळ्यात होता, पण उचलला नव्हता.

"सिस्टर," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा चढलेला, पण मध्येच अडखळला. "माझा डावा कान गेलाय. उजवा अर्धा आहे. त्या दिवशी तुम्ही आईबद्दल बोललात ते मी ऐकलं नाही. न ऐकताच वा म्हणालो. मला नंतर कळलं. इतके दिवस मी हे लपवून ठेवलं, कारण लोक म्हणतील, बहिऱ्याकडे कशाला जायचं."

 मग स्टूल करकरलं. त्या उठून जवळ गेल्या असाव्यात, कारण त्यांचा आवाज दुसरीकडून आला, स्वच्छ, सावकाश, एकेक शब्द सुटा, रुग्णाशी बोलतात तसा.

"मास्तर, माझी अर्धी नोकरी ऐकू न येणाऱ्या माणसांशी बोलण्यात गेली. त्या दिवशीच सांगायचं की! मला वाटलं, हा माणूस आहे की दगड. रात्रभर डोक्यात तेच. डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. नस गेलीय म्हणाले."

"यंत्र लावा. आमच्याकडे सोमवारी आणि गुरुवारी तपासतात. आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत जा. तुम्ही तर तेवढंच करत आलाय आयुष्यभर." मग स्टूल पुन्हा करकरलं. "आता कुठे बघू?"

"माझ्याकडे. तुम्ही निवांत बसा."

"हो, चालायचं काम तुमचं. ऐकलंय ते. अख्ख्या जिन्याने ऐकलंय."

मास्तरांनी लेन्सचं तोंड थोडं मिटून घेतलं. पूर्ण उघडं ठेवलं तर एक डोळा लख्ख आणि दुसरा धूसर येतो, आणि सहा कोटी ठिपके ते लपवत नाहीत. चित्र हलू नये म्हणून शटरचा वेगही वाढवला. डावं कोपर बरगडीला टेकवलं. हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं. मला त्या वेळी फक्त एवढंच ऐकू येत होतं, की ते घाई करत नव्हते. अर्धं पाऊल पुढे. अर्धं मागे. पुन्हा त्याच फरशीवर.

"आई काय म्हणते?" त्यांनी हळू विचारलं. दोन वर्षांत मी त्यांचा इतका हळू आवाज ऐकला नव्हता.

"आई?" सिस्टर म्हणाल्या. "म्हणते, सिस्टर, माझी मुलगी आली की तिला सांगा, मी गोळी घेतली. मग मी म्हणते, हो आजी, सांगते. आणि ती गोळी घेते. मुलीचं कधी ऐकलं नाही हो तिने, जन्मात. सिस्टरांचं मात्र लगेच ऐकते."

बोलता बोलता त्यांना हसू आलं. ते हसू अर्ध्यावरच थांबलं. तिथे एकदाच खट्‌ असा आवाज झाला.

"झालं," मास्तर म्हणाले.

"एवढंच? हनुवटी राहिली की."

"हनुवटी आहे तिथेच बरी आहे."

संध्याकाळी मी तो फोटो पाहिला. ती बाई थकलेली होती. कपाळावर टोपीची खूण, डोळ्यांखाली सावल्या, एकही सुरकुती लपलेली नाही. पण चेहऱ्याचं दार उघडं होतं. बघताना वाटायचं, आता ही काहीतरी बोलेल, आपण जरा पुढे व्हावं. मास्तरांनी डोळा मोठा करून दाखवला. बुबुळात दाराची पट्टी रिकामी होती. तिच्या अलीकडे, छत्रीच्या उजेडाजवळ, कॅमेरा धरलेला माणूस.

"आत आलात," मी म्हणालो. उजव्या बाजूने.

"हं," ते म्हणाले. "बसू द्या आता जरा."

सोमवारी समितीने फोटो पाहिला. दुपारी सिस्टरांचाच निरोप आला. अकरा जणी, रोज दोन, पण इस्पितळातच काढायचे, कपडे धुण्याच्या खोलीशेजारच्या रिकाम्या खोलीत. पाळी सोडून इकडे येणं जमणार नव्हतं. पाटी राहिली. लेकीने फोनवर विचारलं, "आनंद झाला ना आईला?" वहिनींनी सांगितलं, "तुझ्या बाबांना आधी झोप काढू दे, मग आनंदाचं बघू."

एकशे पस्तीस आणि पन्नास परत गेल्या, ओरखडा न पडता. दुकानातली मुलगी म्हणाली, "काका, इस्पितळात खोली मोठी आहे म्हणे. मग ही लांबची का परत करताय?" या वेळी मास्तरांनी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि सगळं वाक्य ऐकलं. म्हणाले, "खोली मोठी आहे गं. कान लहान आहे."

मंगळवारी सकाळी ते निघाले. वहिनींनी पिशवी भरून दिली होती. कॅमेरा, एक लेन्स, पुसायचा फडका. मास्तरांनी माझ्याकडून फ्रेम टांगायची दोरी मागून घेतली, सात फुटांवर तिला गाठ मारली आणि गुंडाळून वरच्या खिशात ठेवली. इस्पितळाच्या फरशीत त्यांच्या पायाची जागा नव्हती ना, म्हणून.

"अहो, रिक्षा करा," वहिनी म्हणाल्या. "आठवडाभर उभं राहून पायांचं काय झालंय बघा."

"दोन गल्ल्यांसाठी?"

"अकरा दिवसांचं भाडं पडणार असल्यासारखं बोलू नका. सहाच दिवस आहेत."

"मग सहा दिवस चालतो. नंतर बसणारच आहे."

जिन्याचा कठडा धरून ते उतरले. खाली क्षणभर थांबले, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, आणि चालायला लागले. सावकाश, डावा पाय जरा ओढत. माझ्या हातात हातोडी होती. त्यांच्याकडे बघताना खिळा वाकडा गेला, ठण्‌ असा आवाज झाला. ते वळले नाहीत. वहिनी मात्र वरच्या खिडकीतून म्हणाल्या, "वाकला, भावजी."

मी मान वर केली नाही. आम्ही दोघं त्यांच्याकडेच बघत होतो, मी दारातून, त्या खिडकीतून, ते औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत.